चेंडू तिच्याकडे असताना

खालच्या काकू आमच्याशी बरीच वर्षं झाडूच्या दांड्याने बोलल्या. आमच्या बाहेरच्या खोलीची फरशी म्हणजे त्यांचं छत. वर चेंडूचा टप्पा पडत राहिला की खालून दांड्याचे दोन ठोके यायचे. पहिला ठोका म्हणजे 'ऐकू येतंय', दुसरा म्हणजे 'पुरे', असं आमची ही म्हणायची. तरी आम्ही थांबायचो नाही, कारण माझं पाठांतर असंच व्हायचं. मी नट आहे, आणि आजवरची सगळी कामं मी बास्केटबॉलच्या चेंडूवर पाठ केली आहेत.

ही गेली त्याला वर्ष होत आलं. तेव्हापासून चेंडू दारामागच्या कोपऱ्यात पडून होता, त्यातली हवाही गेली होती. खालून ठोके येणं बंद झालं. एकदा जिन्यात काकू भेटल्या आणि म्हणाल्या, हल्ली वर अगदी सामसूम असते. सूर तक्रारीचाच होता, कारण त्यांना दुसरा सूर नाही, पण ती तक्रार नव्हती.

हे चेंडूचं खूळ लहानपणापासूनचं. मी आणि ही एकाच वसाहतीत वाढलो. चार-चार मजल्यांच्या इमारती, मधे सिमेंटचं मैदान. कुणीतरी तिथे बास्केटबॉलचं कोर्ट करायला घेतलं आणि अर्ध्यावर सोडून दिलं. त्यामुळे एकाच बाजूला खांब, त्यावर फळी आणि फळीला लोखंडी कडं. जाळी कधी नव्हतीच. दुसऱ्या बाजूला कपडे वाळत घालायच्या दोऱ्या. चेंडू तिकडे गेला की कुणाच्या तरी चादरीवर गोल डाग पडायचा आणि वरच्या गॅलरीतून आमच्या सगळ्या खानदानाचा उद्धार व्हायचा.

माझे वडील छापखान्यात रात्रपाळीला होते. सकाळी येऊन जेवायचे आणि झोपायचे. म्हणून वसाहतीत एक नियम होता, जो कुणी केलेला नव्हता पण सगळे पाळायचे. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी उघडेपर्यंत चेंडू जमिनीला लावायचा नाही. शाळेतून आलेली पोरं कोर्टाच्या कडेला बसून त्या खिडकीकडे बघत राहायची. वडील उठायचे, खिडकी उघडायचे, चूळ भरायचे, आणि खाली पहिला टप्पा पडायचा. वडिलांना वाटायचं पोरं आपल्याला वचकून आहेत. आई म्हणायची, वचकून कसली, तुमचं घोरणं थांबायची वाट बघत बसतात बिचारी.

मी वयाच्या मानाने लवकर उंच झालो. चेंडू हातात आला की त्याचं काय करायचं ते मला सुचायचं नाही, म्हणून मला कड्याखाली उभं केलं होतं. नाव पडलं खांब. ही समोरच्या इमारतीतली. दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारायची की रस्त्यावरचा सायकलवाला ब्रेक लावायचा. म्हणून ती शिट्टी. शाळेच्या मुलींच्या संघात ती होती आणि आमच्या वसाहतीत तिच्याइतकं चांगलं कुणीच खेळत नव्हतं. हे सगळ्या पोरांना माहीत होतं, पण कुणी तोंडाने म्हणत नव्हतं.

वसाहतीचा चेंडू एकच. तो एकदा खिळ्यावर फाटला तेव्हा पंक्चरवाल्याने त्याला ठिगळ लावून दिलं. ठिगळाचा फुगवटा तसाच राहिला. ती बाजू जमिनीला लागली की चेंडू भलतीकडे उडायचा. बाकीचे चेंडूला शिव्या घालायचे. ती टाकण्याआधी तो हातात फिरवून घ्यायची, ठिगळ वर आणायची आणि मग टप्पा द्यायची. तिचा पास नेहमी टप्प्याचाच. जमिनीवर एकदा आपटून बरोबर माझ्या पोटाशी यायचा. मी विचारलं, सरळ का नाही फेकत? तर म्हणाली, सरळ फेकला तर तू डोळे मिटतोस.

नाटकात मी चेंडूपायीच गेलो. कोर्टाच्या मागे एक जुनं सभागृह होतं. तिथे हौशी मंडळींच्या तालमी चालायच्या. एका संध्याकाळी माझ्याच हातून सुटलेला चेंडू त्यांच्या खिडकीतून आत गेला आणि रंगवून वाळत ठेवलेल्या पडद्यावर बसला. पोरांनी मला पुढे ढकललं. आत नाटकवाले मास्तर चेंडू काखेत घेऊन उभे. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं, आणि पुन्हा वरपर्यंत. त्यांना हवालदार हवा होता आणि कुणालाच गणवेश बसत नव्हता. चेंडू हवा असेल तर उद्यापासून तालमीला ये, म्हणाले.

मला एकच वाक्य होतं. "साहेब, गाडी आली." तालमीत मी ते कधी "गाडीसाहेब आले" म्हणायचो, कधी नुसताच सलाम ठोकून उभा राहायचो. मास्तर डोकं धरून बसायचे. तिला हे कळलं. कोर्टावर तिने मला समोर उभं केलं, चेंडू दिला आणि सांगितलं, वाक्य म्हण आणि पास दे. मी म्हटलं, चेंडू दिला. तो परत आला. पुन्हा म्हटलं, पुन्हा दिला. चुकलो तर ती चेंडू परत करायची नाही. कमरेशी धरून दुसरीकडेच बघत उभी राहायची. मला राग यायचा. मी म्हणायचो, नुसती उभी काय, सांग ना. ती म्हणायची, "शब्द मी देणार नाही. चेंडू देईन."

प्रयोगाच्या दिवशी मी "साहेब, गाडी आली" म्हणालो आणि दोन्ही हात छातीपासून पुढे केले. लोक हसले. मास्तरांना वाटलं मी मुद्दाम केलं. ते म्हणाले, राहू दे, छान आहे.

तिथून पुढे सगळं असंच झालं. ती शाळेत खेळाची शिक्षिका झाली. मी आधी छापखान्यात चिकटलो आणि मग नाटकांमागे लागून तो सोडला. लग्न झालं. चारचौघांत ती मला अहो म्हणायची आणि दार लागलं की खांब. नवीन नाटक आलं की जेवणानंतर टीपॉय भिंतीला सारायचा, खुर्च्या आत न्यायच्या, आणि ती खिडकीपाशी, मी दारापाशी. एक वाक्य, एक पास. लांब वाक्य असेल तर दम पुरेपर्यंत चेंडू हातात. समोरच्या पात्राची वाक्यं ती म्हणायची, अगदी सपाट आवाजात, भाजीचा भाव सांगावा तशी. सुरुवातीला खालून ठोके यायचे तेव्हा मी ओशाळायचो. ती म्हणायची, ताल धरतायत त्या, धरू दे.

मी मोठा नट झालो नाही, ओळखीचा चेहरा झालो. लोक रस्त्यात थांबवतात आणि म्हणतात, तुम्ही ते हे ना? मी म्हणतो, हो, तोच. माझ्या कामाबद्दल लिहायची वेळ आलीच तर पेपरवाले एकच गोष्ट लिहायचे, माझे विराम. हा नट दोन वाक्यांमधे असं काही थांबतो की प्रेक्षक श्वास रोखून धरतात, वगैरे. खरं म्हणजे मी चेंडू परत यायची वाट बघत असायचो. तेवढा वेळ माझ्या अंगात बसला होता. ही ते मोठ्याने वाचायची आणि डोळ्यात पाणी येईपर्यंत हसायची.

मालिकांमधे मी बहुतेक वेळा डॉक्टर असायचो. शस्त्रक्रियेच्या खोलीचं दार उघडून बाहेर यायचं, मास्क खाली करायचा आणि म्हणायचं, आम्ही आमच्याकडून सगळे प्रयत्न केले. हे वाक्य मी किती मालिकांत म्हटलं असेल, देव जाणे. गेल्या वर्षी खरा डॉक्टर बाहेर आला आणि तेच माझ्यासमोर म्हणाला. तो अडखळला, चपलांकडे बघत राहिला, वाक्य अर्धवटच सोडलं. त्याने ते माझ्यापेक्षा फार वाईट म्हटलं. खरं असलं की असंच म्हटलं जातं, हे मला तेव्हा कळलं.

त्यानंतर मी काम घेतलं नाही. मग एक नवी दिग्दर्शिका आली, आमच्या मुलीच्या वयाची. तिच्या नाटकात एक म्हातारा नवरा आणि म्हातारी बायको, घर बदलायच्या आदल्या संध्याकाळी सामान बांधत बसलेले. दोनच पात्रं. नको म्हणणार होतो. मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, तू घरात बसून भिंतींना ऐकवणार असशील तर निदान तिकीट लावून ऐकव." आईचं तोंड घेतलंय तिने. मी हो म्हटलं.

पाठांतर एकट्याने केलं. चेंडूला हात लावला नाही. मोठमोठी भाषणं आली, वयाच्या मानाने बरी आली. पण दुसऱ्या अंकात एक जागा आहे. बायको आतून पुस्तकांचा खोका ओढत आणते आणि दमून खुर्चीत बसते. म्हातारा तिच्याकडे बघतो आणि म्हणतो, "चहा घेतेस का?" एवढंच. तिथे मी रोज अडकायचो. तोंड उघडायचो आणि आत काही नसायचं. विंगेतून प्रॉम्प्टर हळूच म्हणायचा, चहा घेतेस का. मी त्याच्यामागून म्हणायचो, चहा घेतेस का. शाळेत पाढे म्हणतात तसं. पुढचं सगळं पांगळं व्हायचं.

पहिल्यांदा सगळे हसले. बायकोचं काम करणाऱ्या बाई म्हणाल्या, नवरे हेच वाक्य विसरतात, त्यात नवल काय. नंतर हसणं बंद झालं. त्या बाई स्वतःच माझं वाक्य ओढून घ्यायला लागल्या, म्हणायच्या, "तुम्ही चहाचं विचारणार होतात ना?" सगळे माझ्याशी फार प्रेमाने वागत होते. शेवटी एका शुक्रवारी तालीम संपल्यावर दिग्दर्शिकेने मला बाजूला घेतलं. म्हणाली, "काका, कानात बसवायचं एक छोटं यंत्र मिळतं. दिसत नाही. आतून कुणीतरी वाक्यं सांगत राहतं. आजकाल बरेच जण वापरतात." मग थोडं थांबून म्हणाली की ते नको असेल तर तिला दुसरं कुणी बघावं लागेल, कारण प्रयोग जाहीर झालाय. सोमवारी सांगा, म्हणाली. तिची काही चूक नव्हती.

घरी आलो आणि ठरवून टाकलं की सोमवारी सांगायचं, दुसरं कुणी बघ. दुसऱ्याच्या आवाजावर बोलायचं असेल तर मी घरीच बरा. आणि हे काम गेलं की पुढचं कुणी देणार नव्हतं, हेही मला कळत होतं.

शनिवारी मुलगी आली. तिला सगळं सांगितलं. तिने दारामागून चेंडू काढला, पिशवीत घातला आणि खाली जाऊन हवा भरून आणला. टीपॉय भिंतीला सारला, खुर्च्या आत नेल्या. लहान असताना तिने हे दारातून इतक्यांदा बघितलं होतं की कुठली खुर्ची कुठे जाते ते तिला पाठ होतं. मग आईच्या जागी, खिडकीपाशी उभी राहिली.

तिला खेळता येत नाही. आईने शिकवायचा पुष्कळ प्रयत्न केला, पण मुलगी म्हणजे पुस्तकातला किडा. तिचा पास सरळ छातीवर यायचा, विटेसारखा. पहिल्या अंकात मी दोनदा चष्मा सावरला. पण वाक्यं येत होती, आणि हातांना बरं वाटत होतं. मग ती जागा आली. मी अडकलो. मुलगी म्हणाली, चहा घेतेस का. मी म्हटलं, चहा घेतेस का. पुढे गेलो. पुन्हा मागून सुरुवात केली, पुन्हा तिथेच. तिने पुन्हा सांगितलं. प्रत्येक वेळी तिचा आवाज आणखी मऊ होत गेला. चौथ्या-पाचव्या वेळी तर ती आजाऱ्याला औषध पाजावं तशी बोलली.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. वर्षभर सगळे मला शब्द देत होते. भेटायला आलेले लोक माझी वाक्यं पुरी करायचे. मी "ही असती तर" एवढं म्हटलं की समोरचा म्हणायचा, हो हो, कळतंय. वाणी, शेजारी, प्रॉम्प्टर, सगळेच. मी कुठेही थांबलो की कुणीतरी हात पुढे करायचं. थांबू देणारं कुणी राहिलंच नव्हतं.

मी मुलीला म्हटलं, "शब्द देऊ नकोस. मी अडकलो की चेंडू धरून ठेव आणि खिडकीबाहेर बघ."

"किती वेळ?"

"लागेल तितका."

"आणि तुला आठवलंच नाही तर?"

"तर चेंडू तुझ्याकडे राहील."

"आई असं करायची?"

"तुझ्या आईने गॅसवरची भाजी करपू दिली, पण शब्द दिला नाही."

आम्ही अंकाच्या सुरुवातीपासून घेतलं. ती जागा आली. मी थांबलो. मुलीने चेंडू कमरेशी धरला आणि खिडकीबाहेर बघायला लागली. तिला शिकवावं लागलं नाही, मान अगदी तशीच वळली. स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता. समोरच्या गॅलरीत कुणीतरी गालिचा झटकत होतं. मी आठवायचा प्रयत्न केला आणि मग सोडून दिला.

वाक्य मी विसरलोच नव्हतो. रोज शाळेतून ही यायची, पिशवी दारात टाकायची, शिट्टी गळ्यातून काढून खिळ्याला अडकवायची आणि खुर्चीत बसायची. मी विचारायचो, चहा घेतेस का. ती म्हणायची, अर्धा. आणि पूर्ण प्यायची. इतकी वर्षं मी हे वाक्य उत्तर येणार म्हणून म्हटलं होतं. उत्तर येणार नसताना ते तोंडातून कसं काढायचं, हे मला माहीत नव्हतं. तालमीत दुसऱ्याने दिलं की माझं काम भागत होतं. ते आपलं आपण म्हणायचं म्हणजे मग नंतरची शांतता पण आपलीच.

मुलगी अजून बाहेरच बघत होती. हात दुखत असणार, तिने चेंडू दुसऱ्या कमरेवर घेतला.

मी म्हटलं, "चहा घेतेस का?"

ते जोरात आलं नाही, नाटकातल्यासारखंही आलं नाही. मुलीने मान वळवली. नाटकात पुढचं वाक्य आहे, नको, झोप जाईल. संहिता तिच्या समोर उघडी होती. ती म्हणाली, "अर्धा." मग चेंडू टाकला, आणि या वेळी तो विटेसारखा आला नाही. जमिनीवर एकदा आपटला आणि पोटाशी आला.

खालून दांड्याचे दोन ठोके पडले.

आम्ही दोघं हसायलाच लागलो. मुलगी हसता हसता फरशीवर बसली आणि तिने ओढणीने डोळे पुसले. म्हणाली, "जिवंत आहेत काकू." मी म्हटलं, त्या काय, सगळ्यांना पोचवून मग जातील. ठोके पुन्हा पडले. त्या दिवशी आम्ही अख्खं नाटक काढलं, आणि अधूनमधून काकूंचे ठोकेही पडत राहिले.

सोमवारी मी दिग्दर्शिकेला सांगितलं, यंत्र नको, मी करतो, पण त्या जागी मला कुणी काही सांगायचं नाही. बाईंना म्हटलं, मी कितीही थांबलो तरी वाक्य ओढून घ्यायचं नाही, तुम्ही नुसत्या बसून राहा, दमलेल्या आहातच. प्रॉम्प्टरला म्हटलं, तुम्ही संहिता मिटा. तो गोंधळला. म्हणाला, मग मी करू काय? मी म्हटलं, दुसरीकडे बघा. तो म्हणाला, विंगेत बघण्यासारखं काही नाही. पण ऐकलं त्याने. तालमीत मी थांबत होतो, कधी थोडं, कधी बरंच. वाक्य दर वेळी आलं. दिग्दर्शिका नखं खात होती, पण तिने दुसरं कुणी बघितलं नाही.

पहिल्या प्रयोगाला मुलगी काकूंना घेऊन आली. काकू नाटकाला जाऊन किती वर्षं झाली होती कुणास ठाऊक. पुढच्या रांगेत बसल्या. आमची ही कधी बसायची नाही. ती मागे भिंतीला टेकून, हाताची घडी घालून उभी राहायची, आणि मला उजेडातून दिसायची नाही, पण आहे हे माहीत असायचं. दुसऱ्या अंकात बाई खोका ओढत आल्या, खुर्चीत बसल्या. मी थांबलो. सभागृहात कुणीतरी खोकलं आणि खोकला मधेच दाबला. मी मागच्या भिंतीकडे बघितलं. मग विचारलं. बाई म्हणाल्या, नको, झोप जाईल. पुढचं सगळं आपोआप चालत गेलं.

पेपरात आलं. दुसऱ्या अंकातला तो विराम विसरता येणार नाही, असं लिहिलं होतं. वाचून मोठ्याने हसायला कोणी नव्हतं, म्हणून मीच थोडा हसलो.

दोन-तीन दिवसांनी जिन्यात काकू भेटल्या. हातात दुधाची पिशवी. मी विचारलं, नाटक कसं वाटलं. म्हणाल्या, "खुर्च्या बऱ्या होत्या." मग दोन पायऱ्या चढून थांबल्या. "त्या चहाच्या जागी तुम्ही अडकला होतात."

मी म्हटलं, "नाही हो काकू, तो विराम होता. पेपरात आलंय."

"पेपरवाले तुमच्या खाली राहत नाहीत," काकू म्हणाल्या. "टप्पा पडायची वेळ झाली आणि पडला नाही, की मला कळायचं, चेंडू तिच्याकडे आहे. मग मीही भाजी चिरायची थांबायचे. म्हणायचे, आता आठवेल त्याला."

एवढं बोलून त्या आत गेल्या आणि दार लावून घेतलं. मी वर आलो, चपला काढल्या आणि गॅसवर चहा ठेवला. दीड कप.